शेपटीवरचा पोचा

गाडीचा पोचा बघून मामा ती कशावर आपटली ते सांगू शकतो. सहसा सांगत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "गाडी उभी होती हो, कुणीतरी ठोकून गेलं." मामा खाली वाकतो, डोळे मिटतो, पत्र्यावरून अंगठा फिरवतो आणि फार तर एवढंच विचारतो, "कुणीतरी म्हणजे खांबच ना?" मग गिऱ्हाइकाची पंचाईत होऊ नये म्हणून स्वतःच पुढे म्हणतो, "हल्ली खांब फार बेशिस्त झालेत."

मामाचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. नववीत शाळा सुटली तेव्हापासून एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात डॉली, म्हणजे पत्र्याच्या मागून धरायचा लोखंडी ठोकळा. दोन्हींच्या मध्ये जे काही आलं ते सपाट करायचं आणि आपण तिथे होतो हेही कळू द्यायचं नाही, असा त्याचा धंदा. ही खोड घरीही सुटत नाही. मामीच्या स्वयंपाकघरात पोचा पडलेलं एकही भांडं सापडणार नाही. माझ्या बहिणीच्या सासरी आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा चहा येईपर्यंत त्याने गप्पा मारता मारता त्यांच्या लोखंडी कपाटाचं चेपलेलं दार सरळ करून टाकलं होतं. मामीने डोळे वटारले, पण तोवर दार पहिल्यासारखं लागायला लागलं होतं.

दुपारचं जेवण झालं की उरल्यासुरल्या पत्र्याची तो छोटी वाहनं करतो. कॉम्प्रेसरच्या वरच्या फळीवर ती ओळीने उभी असतात: ट्रक, रोड रोलर, अग्निशमन बंब. सगळी कोरी करकरीत. त्या फळीसमोर सगळ्यात जास्त वेळ रेंगाळणारं गिऱ्हाईक म्हणजे कॅप्टनसाहेब.

साहेब एके काळी लष्करात हेलिकॉप्टर चालवायचे. आता दर दोन-तीन महिन्यांनी गॅरेजमध्ये येतात. दर वेळी गाडीचा मागचा डावा कोपरा चेपलेला असतो आणि दर वेळी गाडी उभीच असते. त्यांना मात्र मामा खांबाबद्दल विचारत नाही.

"गोळ्या खात हेलिकॉप्टर परत आणलेला माणूस आहे तो," मामा म्हणतो. "त्याला मी सांगू, साहेब, आरशात बघत जा म्हणून?"

दोघं स्टुलावर बसून चहा पितात. साहेब लढाईच्या गोष्टी सांगतात आणि मामा कान देऊन ऐकतो. हातातलं काम तसंच राहतं.

मी मामाकडे राहायला होते त्या दिवसांत साहेबांच्या पत्नी एकट्याच गॅरेजवर आल्या. पर्समधून त्यांनी एक लिफाफा काढला. आत तीन जुने कृष्णधवल फोटो होते.

"भाऊ, पुढच्या महिन्याच्या शेवटी यांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत. यांचं हेलिकॉप्टर करून द्याल? पण ते तुमच्या ट्रकसारखं नवंकोरं नको."

"मग कसं?"

"परत आलं तेव्हा होतं तसं. भोकांसकट."

गोष्ट मामाला तोंडपाठ होती, तरी त्याने ती पुन्हा ऐकली. चार जखमी जवानांना आणायला साहेब गेले. परत निघताना खालून गोळ्या आल्या, हेलिकॉप्टरच्या पोटाला अकरा भोकं पडली. तळावर उतरता उतरता तोफगोळा जवळ फुटला आणि शेपटीला तडाखा बसला. तरी चौघं जिवंत उतरले.

"दर वाढदिवसाला ही गोष्ट होतेच," वहिनी म्हणाल्या. "नातवंडांना पाठ आहे. कुठे श्वास रोखायचा, कुठे टाळ्या वाजवायच्या, सगळं. आणि हो, यांना कळू द्यायचं नाही हं!"

मामा फोटोंकडे बघत राहिला. "वहिनी, आजवर लोक पोचे काढून घ्यायला आले. पाडून मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

खऱ्याचा चोविसावा हिस्सा, म्हणजे हातभर लांबीचं हेलिकॉप्टर करायचं ठरलं. सांगाडा सायकलच्या स्पोकचा, वर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनचा पत्रा. तो कात्रीने कापता येतो आणि पोचाही खऱ्यासारखा धरतो. पाती जुन्या मेजरिंग टेपची केली. ती आपल्या वजनाने टोकाशी जरा झुकली, तेव्हा मामाने फोटो शेजारी धरला आणि खूश झाला. उभ्या हेलिकॉप्टरची पाती तशीच झुकलेली असतात. रिव्हेटच्या बारीक ठिपक्यांच्या रांगा उठवायला मामीचं दातेरी चाक पळवलं. कापडावर खुणा करायचं ते चाक चार दिवस गायब होतं.

"माझं शिवण अडलंय," मामी म्हणाली.

"देशाचं संरक्षण चाललंय इथे."

"देशाला सांगा, चाक गुरुवारपर्यंत परत पाहिजे."

इथवर सगळं सुरळीत झालं. अडलं ते भोकांपाशी. पहिलं भोक खिळ्याने पाडलं. मग हिशेब केला, तर ते खऱ्या हेलिकॉप्टरला चार बोटं रुंद झालं असतं. "गोळी नाही, पेरू लागल्यासारखं दिसतंय," असं म्हणत मामाने तो तुकडा फेकून दिला आणि मामीच्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई घेतली. गोळी आत शिरते तिथे कडा आत वळतात, बाहेर पडते तिथे पाकळ्यांसारख्या बाहेर फुटतात, आणि भोवतीचा रंग उडून पत्रा चकाकतो. हे सगळं त्याने सुई, पिन आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड घेऊन केलं. एक भोक तर इतकं जमलं की मामीला हाक मारून दाखवलं. तेवढ्यात फोन वाजला. बोलता बोलता त्याच्या अंगठ्याने आतून ते भोक चोळलं, दाबलं. फोन ठेवला तेव्हा ती गोळीची खूण राहिलीच नव्हती, शर्टाचं काज झालं होतं.

"चाळीस वर्षं पोचे काढलेत, आता एक जपता येईना!" मामी म्हणाली.

"हात ऐकत नाही गं."

शेवटी तिने त्याच्या अंगठ्याला जाड चिकटपट्टी गुंडाळली. तशा बांधलेल्या अंगठ्याने त्याने आठवडाभरात अकरा भोकं पुरी केली आणि शेपटीकडे वळला.

शेपटीसाठी त्याने तिसरा फोटो भिंगाखाली धरला. फोटो उजेडाकडे वळवून पुन्हा बघितला. मग भिंग मामीच्या हातात दिलं.

"हा तोफगोळा नाही."

"मग काय आहे?"

"गोळ्याचा तुकडा लागला तर पत्रा फाटतो. इथे फाटलंय का कुठे? लांबट पोचा आहे, मध्ये घडी पडलीय आणि रंग एकाच बाजूला ओढला गेलाय. जमिनीलगत वळताना शेपूट आडवं फिरलं आणि उभ्या कशावर तरी जाऊन बसलं." तो थांबला. "आणि हा हात माझ्या ओळखीचा आहे."

"कुणाचा?"

"मागचा डावा कोपरा. आधी वळायचं, मग बघायचं. दर तीन महिन्यांनी मीच तर सरळ करतो."

मामी हसता हसता भिंतीला टेकली. मामाही हसला, पण लगेच गप्प झाला. खरा पोचा पाडला, तर ज्या माणसाबरोबर इतकी वर्षं चहा प्यायला त्याला त्याच्याच वाढदिवशी, नातवंडांसमोर उघडं पाडल्यासारखं होणार. खोटा पाडला, तर साहेबांच्या घरातल्या कपाटावर मामाच्या हातचं खोटं काम कायमचं जाऊन बसणार. वहिनींना विचारायचीही सोय नव्हती. विचारलं की सांगितल्यासारखंच.

"त्यांनी सांगितलंय तसं करा," मामी म्हणाली. "भिंग घेऊन कोण बघायला बसलंय?"

"साहेब बसतील."

"त्यांना तर माहीतच आहे!"

"तेच तर म्हणतोय मी."

तीन दिवस खपून मामाने तोफगोळ्याचं शेपूट केलं. फाटलेला पत्रा, काळवंडलेल्या कडा, लोंबणारी एक तार. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असं. चौथ्या दिवशी दुपारी, कुणी सांगितलेलं नसताना, त्याने दुसरं शेपूट केलं. ते तासाभरात झालं. दोन्ही एकाच स्क्रूवर बसत होती. वाढदिवसाला जाताना फाटलेलं शेपूट लावलं आणि दुसरं रुमालात गुंडाळून खिशात टाकलं.

"ते कशाला?" मामीने विचारलं.

"असू दे. स्पेअर."

साहेबांच्या दिवाणखान्यात वीसेक माणसं होती. वहिनींनी टेबलावरचं फडकं काढलं आणि साहेब उभे होते तिथेच थांबले. मग जवळ आले, चष्मा वर केला, हेलिकॉप्टर अलगद उचललं आणि पोटाखालची भोकं बोटाने मोजली. अकरा. एकेका भोकापाशी ते थांबत होते. सातव्याशी म्हणाले, "ही माझ्या सीटखालची." नंतर कुणी न सांगताच गोष्ट सुरू झाली. नातवंडांनी ठरल्या जागी श्वास रोखले. गोष्ट शेपटीपाशी आली आणि साहेब अडखळले. फाटलेल्या पत्र्यावर त्यांची नजर होती.

"आजोबा, धडाम!" धाकट्या नातीने आठवण करून दिली.

साहेबांनी मान वर करून मामाकडे बघितलं. "उस्ताद, हे तुम्ही केलंत?"

"हो साहेब."

"तुम्हाला पटलं?"

"वहिनींनी सांगितलं तसं केलंय."

"मी काय विचारतोय?"

"काम चांगलं झालंय, साहेब."

"पटलं का?"

मामाने खाली बघितलं. "नाही."

"काय कमी आहे त्यात?" वहिनी म्हणाल्या. मामाचा हात नकळत खिशाकडे गेला होता. साहेबांनी तो बघितला.

"खिशात काय आहे?"

"काही नाही. स्पेअर."

"काढा बघू."

मामाने रुमाल उलगडला. साहेबांनी ते दुसरं शेपूट खिडकीच्या उजेडात धरलं. भोवती सगळे बघत होते, पण त्यांना त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं, एक साधा चेपलेला पत्रा होता. मामा पुढे होऊन हळूच म्हणाला, "द्या साहेब, परत ठेवतो. कुणाला काही कळायचं नाही."

साहेबांनी दिलं नाही. म्हणाले, "हे लावा."

मामाने स्क्रू फिरवून शेपूट बदललं.

"अकरा गोळ्या खऱ्या," साहेब म्हणाले. "चौघं जिवंत उतरले तेही खरं. तोफगोळा मात्र नव्हता. पाण्याचा टँकर होता."

"शत्रूचा?" नातीने विचारलं.

"नाही गं. आपलाच. आंघोळीचं पाणी घेऊन आला होता बिचारा."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

"चौघांना उतरवलं आणि मला इतकं हायसं वाटलं की हेलिकॉप्टर बाजूला घेताना मी मागे बघितलंच नाही. आमचे वरिष्ठ धावत आले. म्हणाले, अरे, शेपटीलाही लागलं की! मी सांगणार होतो. तेवढ्यात त्यांनी मिठी मारली. मिठीत माणसाला बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी सांगेन म्हटलं, तर तोवर ते सगळ्यांना सांगून झालं होतं." ते मामाकडे वळले. "ती अकरा भोकं दुसऱ्यांनी पाडली. माझ्या हातचं हे एवढंच होतं."

वहिनींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्या हळूहळू म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं. म्हणजे... गेल्या महिन्यात आपलं फाटक..."

"फाटक जागेवरच होतं."

"आणि मी त्या पेपरवाल्याला नाही नाही ते बोलले!"

त्यावर जो हशा उठला तो आवरता आवरेना. मोठा मुलगा म्हणाला, "बाबा, आमच्या शाळेची भिंत?" साहेबांनी हात वर केले. नात एकटीच गंभीर होती. तिने विचार करून सांगितलं की ही गोष्ट जुनीपेक्षा चांगली आहे, कारण हिच्यात टँकर आहे. मामा सगळ्यांच्या शेवटी हसला, पण हसला तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

सोमवारी साहेबांची गाडी गॅरेजसमोर थांबली. चालवत वहिनी होत्या. साहेब शेजारी, हेलिकॉप्टर मांडीवर घेऊन.

"उस्ताद, काम अपुरं आहे."

मामाचा चेहरा पडला. "काय राहिलं?"

"तुमची चूक नाही, फोटोच कृष्णधवल. टँकरचा रंग लागला होता इथे. हिरवा."

मामाने डबे उघडले. "असा?"

"छे. त्याहून मळका."

काळ्याचा थेंब, पिवळ्याचा थेंब. पुठ्ठ्यावर रेघा ओढून ओढून पाचव्या खेपेला साहेब म्हणाले, "हा! हाच तो हलकट." मामाने बारीक ब्रश रंगात बुडवला, कडेवर निपटला आणि साहेबांपुढे धरला.

"मी? माझा हात थरथरतो हो. तुम्हीच ओढा."

"ते नाही जमायचं, साहेब. ज्याचं त्याने."

साहेबांनी ब्रश घेतला. मामाने खालून त्यांचं मनगट धरलं. हिरवी रेघ पोच्याच्या घडीपासून निघाली आणि ठरवल्यापेक्षा बरीच पुढे गेली.

"जास्त झाली का?" मामाने विचारलं.

साहेब मान तिरकी करून बघत राहिले.

"त्या टँकरच्या ड्रायव्हरला विचाराल," ते म्हणाले, "तर कमीच आहे."