मस्कतातून भरलेली पेन्शन

सोनगिरवाडीत माणसाची किंमत पेन्शनीवरून ठरते. घरटी एक जण फौजेत, त्यामुळं मारुतीच्या पारावर बसायचीसुद्धा एक रीत पडलेली. पेन्शनवाले वर फरशीवर, बाकीचे खाली पायरीवर. तसा कुणी ठराव केलेला नाही. पण पायरीवरचा माणूस वर जाऊन टेकला, की सगळे बोलणं थांबवून त्याच्याकडं बघत राहतात.

केरबा शिंदे पायरीवरचा. बाप नाईक होऊन परतलेला, थोरला भाऊ सर्जेराव सुभेदार. केरबाही तीनदा भरतीला गेला आणि तिन्ही वेळा त्याची छाती थोडक्यात कमी भरली. मग तो क्रेन चालवायला शिकला आणि मस्कतला गेला. लग्न ठरवताना शालूबाईच्या माहेरी सांगितलं होतं, मुलगा फौजी घराण्यातला आहे. त्यात खोटं काही नव्हतं. घराणं फौजी होतंच.

दोन वर्षांतून एकदा केरबा सुट्टीवर यायचा, गावभर खजूर वाटायचा आणि संध्याकाळी पायरीवर जाऊन बसायचा. त्याचा पगार सुभेदारांच्या पेन्शनीहून दांडगा होता, पण सुभेदार त्यानंच आणलेला खजूर चघळत म्हणायचे, "पगाराचं काय रं, आज हाय, उद्या न्हाई. पेन्शन म्हंजे सरकार मरस्तवर विचारतं, बाबा, कसा हायस."

हे केरबाच्या मनात रुतून बसलं. पंचेचाळिशीत त्याला कळलं, की फौजेत नसलेल्यालाही सरकारच्या पेन्शन योजनेत पैसे भरता येतात, आणि ते परदेशात राहूनही. साठी झाली की महिन्याच्या महिन्याला पेन्शन. त्या सुट्टीतले शेवटचे बारा दिवस त्यानं साताऱ्यात बँकेच्या आणि झेरॉक्सच्या दुकानाच्या दारात काढले. शालूबाईला या खेपेला पाचगणी दाखवतो म्हणाला होता. तिनं झेरॉक्सचं दुकान बघितलं.

पुढं हप्ता मस्कतहून जायचा. एका वर्षी केरबाचा फोन नंबर बदलला, बँकेचे निरोप जुन्या नंबरावर जाऊन पडले आणि खातं गोठलं. केरबाची फौज म्हणजे शालूबाई. ती एसटीनं साताऱ्याला गेली.

"खातेदार स्वतः पाहिजेत," खिडकीतला साहेब म्हणाला.

"ते मस्कतला हायत."

"मग ते मस्कतला आहेत याचा पुरावा आणा."

शालूबाईनं मागं बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं. "हितं न्हाईत, हे दिसतंय न्हवं तुमाला?"

दिसून चालत नाही, कागद लागतो, असं साहेबानं समजावलं. ती ग्रामसेवकाकडं गेली. ग्रामसेवक म्हणाला, माणूस गावात राहतो असा दाखला मला देता येतो, राहत नाही असा छापील नमुनाच नाही. शेवटी पासपोर्टावरच्या शिक्क्याची प्रत चालली. ती चालली तेव्हा सही जुळेना. मूळ फॉर्मवर केरबानं मराठीत सही केलेली, मस्कतला मात्र तो इंग्रजीत, खाली शेपूट ओढून सही करायचा. शालूबाईनं व्हिडिओ कॉलवर जुना फॉर्म धरला आणि हेल्मेट घातलेला नवरा क्रेनखाली उभा राहून स्वतःची सही गिरवू लागला.

"मात्रा लय उभी झाली," ती म्हणायची. "परत काढा."

एवढ्या वर्षांच्या संसारात तिचं ऐकून त्यानं एखादी गोष्ट पन्नास वेळा केली असेल, तर ती एवढीच.

लॉकडाऊनमध्ये कंपनीनं पगार अर्ध्यावर आणला. घरी येणारे पैसे आटले. गोठ्याचे पत्रे उडाले होते, मुलीची, राजनंदिनीची, कॉलेजची फी तटली होती. हप्ता मात्र वेळेवर गेला.

"घरी कमी का धाडलं?" शालूबाईनं विचारलं.

"अगं, हप्ता चुकवून चालत न्हाई. खातं गोठतं."

"आन् आमी?"

त्यावर केरबा म्हणाला, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. शालूबाईला त्याचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता.

साठी भरली आणि केरबा कायमचा गावी आला. गुडघे गेलेले, कान क्रेनच्या घरघरीनं मंदावलेले. पहिली पेन्शन जमा झाल्याचा मेसेज त्यानं न्हाव्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना दाखवला आणि त्याच संध्याकाळी तो पारावर चढला.

"किती बसली रं?" सुभेदारांनी विचारलं.

"पुरती हाय."

"तरी?"

केरबानं आकडा सांगितला. सुभेदार थोडे सरकले आणि त्याला कडेची जागा मिळाली, जिथं वरून पिंपळावरचे कावळे शिटतात. केरबा तिथं रोज बसू लागला. टोपी मात्र शालूबाईला रोज धुवावी लागे.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांची जीप हयातीच्या दाखल्यासाठी साताऱ्याला निघाली. केरबा कोट घालून तयार. गुडघ्यांमुळं शालूबाईला बरोबर नेलं. बँकेत बाकीचे यंत्रावर अंगठा टेकवून हयात ठरले. केरबाचा अंगठा यंत्र घेईना. तीस वर्षं क्रेनचे दांडे ओढून त्यावरच्या रेषाच झिजल्या होत्या.

"मशीन हयात दाखवत नाही," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"मी सांगती की, जित्तं हायत," शालूबाई म्हणाली.

"तुम्ही नॉमिनी. तुमची साक्ष कशी धरायची?"

अखेर डोळ्याच्या यंत्रानं तिसऱ्या खेपेला त्याला जिवंत मानलं. केरबानं कोट झटकला. "चल, झालं."

"जरा बसा. माझा हप्ता भरायचा हाय."

केरबाला वाटलं, कानामुळं चुकीचं ऐकू आलं. तिनं पिशवीतून पासबुक काढलं. लॉकडाऊनमध्ये तो फोन ठेवला गेला, त्याच महिन्यात तिनं दुधाच्या पैशातून स्वतःचं खातं काढलं होतं.

"तुला कशाला गं? मी गेल्यावर माझी तुलाच मिळणार की."

"ती तुमी गेल्यावर. मला माझी मी हयात असताना पायजे."

खिडकीतल्या बाईंनी कागद बघितला. "नॉमिनी राजनंदिनी केरबा शिंदे, मुलगी. काही बदल करायचाय?"

"न्हाई."

केरबा बाकावर बसून राहिला. परतताना जीपमध्ये तो पुढं बसला आणि वाटेत सुभेदारांशी नव्या वेतन आयोगावर तावातावानं बोलला. आयोग त्याला लागू नाही, हे कुणी काढलं नाही. मागच्या बाकावर शालूबाई खिडकीला टेकून कोरेगाव येईपर्यंत झोपली.