मी वाचवलेला चोर

बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला झालं. नायगावला घरी आल्यावर काही दिवस तिला वाचायला बंदी होती, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. लातूरला क्लासला गेलेली नात एक कादंबरी ठेवून गेली होती. जादूच्या राज्यातली चोरांची टोळी, दोन जाडजूड भाग.

"चोरांचं? या वयात?" बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी चहा व्हायच्या आत तिनंच विचारलं, "त्या कुलूपवाल्याचं पुढं काय झालं?"

कुलूपवाला म्हणजे टोळीत कुलपं उघडणारा. भित्रा, बडबड्या, पण दोस्ताला सोडवायला राजाच्या तरंगत्या तिजोरीत उडी घेणारा. मलाही तो आवडला. ही माणसं साऱ्या जगाला लुटतात, पण आपसात राईएवढी लबाडी करत नाहीत.

"सख्ख्या भावांत एवढं न्हाई," ती म्हणाली. तिच्या देगलूरच्या भावांनी जमिनीच्या हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली आणि त्यानंतर माहेरचं बोलावणंच बंद झालं.

निम्म्या पुस्तकात कुलूपवाला फितूर झाला. मी अडखळलो.

"वाचा ना."

मला वाचवेना. म्हणालो, फितूर झाल्याचं सोंग केलं त्यानं.

इथून माझी फजिती सुरू झाली. पुस्तकात टोळीनं त्याला मारलं. माझ्या गोष्टीत तो नुसता तापानं पडला आणि बरा झाल्यावर सगळ्यांना पिठलं करून घालू लागला. शेजारणीही येऊन बसू लागल्या. खोटं बोलताना एवढे श्रोते मला आयुष्यात मिळाले नव्हते.

मग चष्मा आला. तिनं पुस्तक मागितलं. मी म्हणालो, सापडत नाही. तिनं माझी उशी उचलली आणि पुस्तक घेऊन गेली. दुपारभर वाचत बसली.

"ह्यो तर मेला की."

"हाव."

"आन् फितूर व्हता."

"हाव."

"मला दिसत नव्हतं म्हणून गंडवून राहिलात?"

"भावांनी तसं केलं. वर हाही तसाच निघाला, हे तुला कसं सांगू?"

संध्याकाळी डोळ्यात थेंब घालायला गेलो तर तिनं बाटली हिसकावून घेतली. निम्मे थेंब गालावर गेले, पण मला हात लावू दिला नाही.

शेजारणींना खरं काय ते मलाच सांगावं लागलं. एक म्हातारी हिरमुसली, "पिठलं बी खोटं?" तोवर त्या म्हातारीनं माझी खोटी गोष्ट जळकोटला लेकीला सांगून टाकली होती. तिथवर मी कुठं जाणार? म्हणून हे लिहितो आहे.

चार दिवसांनी बायको दुसरा भाग घेऊन समोर बसली. "आता मी वाचणार. तुमी ऐकायचं. पुस्तकाला हात लावायचा न्हाई."

कालच्या प्रकरणात टोळीचा म्होरक्या बायकोपुढं कान धरून उभा राहिला. बराच वेळ उभा होता. पुस्तकात तसं असेलही. मी विचारलेलं नाही.