नबीच्या पायातले बूट

रेवसच्या धक्क्यावर लाँच सुटायला आली तेव्हा आईनं माझ्या हातात पाच किलो पोह्यांची पिशवी कोंबली. "तिकडे पोहे मिळतील न मिळतील. मलिद्यावाचून अडू नये," ती म्हणाली. बाबा समुद्राकडे बघत म्हणाले, "आधी नोकरी. चित्रंबित्रं रविवारी." रंगांची पेटी मी त्या पोह्यांतच खुपसली होती. टोरोंटोच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं पिशवीत हात घातला, एक पोहा जिभेवर ठेवला आणि विचारलं, "ब्रेकफास्ट सीरियल?" मी येस म्हणाले. सत्तर सालची ही गोष्ट, आणि माझं कॅनडातलं पहिलं खोटं.

तुम्ही जे रेवदंड्यात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे इकडे येऊन बर्फातले ड्राइव्हवे शोव्हल करता करता म्हातारे झालात, त्या दोघांनाही ठाऊक आहे की आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. आमच्या प्रत्येक घरात एलियाहू हन्नाबीची तसबीर असते. हा नबी, म्हणजे प्रेषित, अग्निरथात बसून जिवंतपणी स्वर्गात गेला, आणि जाताना अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याचा रथ खडकावर टेकला. चाकांच्या खुणा अजून आहेत. नवस फेडायचा तर त्याच्या नावानं मलिदा करायचा, म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि फळं.

नोकरी मिळाली, टायपिंगची. चित्रं बाबांच्या हुकमाप्रमाणे रविवारी, बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये, कपड्यांच्या ड्रायरशेजारी. काढायचा समुद्र, आणि समोर काय, तर सरोवर. लोक कौतुकानं म्हणायचे, अगदी समुद्रासारखं आहे. अहो, त्याला वासच नाही. शेवटी माझा नवरा बेनी वैतागला आणि दर उन्हाळ्यात मला गाडीत घालून दोन दिवसांवरच्या, समुद्राकाठच्या नोव्हा स्कोशियाला नेऊ लागला. तिथं मासळीचा वास आला आणि मी काठावर बसून पोटभर रडले. बेनी म्हणाला, "एवढ्यासाठी हजार मैल? मासळी ठेवून फ्रिज बंद केला असता."

आम्ही उतरायचो त्या गावात अँगस नावाचा एक लॉब्स्टर पकडणारा म्हातारा होता. छातीपर्यंत पांढरी दाढी. पहिल्याच दिवशी त्यानं आमच्यासमोर उकडलेला लॉब्स्टर ठेवला. बेनीनं समजावलं की खवले नसलेली मासळी आमच्या धर्मात चालत नाही. अँगसनं बराच विचार केला. "सो व्हाय डू यू कम हिअर?" पण मला त्यानं ते गाव भरभरून दिलं. जाळी विणणाऱ्या बायका, होड्या रंगवणारे भाऊ, बुडालेल्या जहाजांची भुतं, सगळं मी वह्यांत भरून आणलं. आमचेही पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटूनच आले, असं मी सांगितलं तेव्हा त्यानं टोपी काढली.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. मी चित्रं काढते हे टोरोंटोतल्या आमच्या वीस-पंचवीस घरांना ठाऊक होतं, पण त्यांच्या लेखी ते भरतकामाच्या जातीचं. मग शेलोमोकाकांनी शहराच्या टोकाला, स्कारबरोला घर घेतलं. घर झालं तर मलिदा करीन असा त्यांचा नवस होता, पण मुंबईहून आणलेल्या नबीच्या तसबिरीला बुरशी आलेली. काका रेल्वेतून रिटायर झालेले, आमच्यातले मानाचे वडीलधारे. मला म्हणाले, "तू काढ. पण नबी नबीसारखा दिसला पाहिजे. नाहीतर भिंत रिकामी ठेवीन." त्या भिंतीसाठी मी जीवही दिला असता. आपल्या माणसांच्या घरात माझं एकही चित्र नव्हतं.

दाढी अँगसची घ्यायची हे ठरलेलंच होतं. उन्हाळ्यात त्याला लॉब्स्टरच्या उपड्या खोक्यावर उभं केलं, अंगावर माझी चादर, हातात दोरीचे लगाम. लगामांच्या दुसऱ्या टोकाला घोडा म्हणून बेनी. अँगस सगळं करायला तयार, फक्त रबरी बूट काढीना. मी बराच हट्ट केला, पण तो ऐकेना. बरं, ज्याचे पाय कधी पाहिलेच नाहीत ते काढू कसे? बूट तपकिरी रंगवले, म्हटलं, जरा पुरातन दिसतील. बेनीवरून घोडा जमेना. मग अलिबागच्या एसटी स्टँडवरचा घोडा आठवून काढला, डोळ्यांना झापडं, डोक्यावर तुरा. घोड्यामागे रथ काढू गेले तर हातातून टांगाच उतरला. भोवती ज्वाळा काढल्या आणि देवावर हवाला ठेवला.

मलिद्याच्या दिवशी काकांच्या हॉलमध्ये चाळीस माणसं. चित्रावरची चादर काढली तशी सगळी पुढे सरकली. मग एक बाई म्हणाल्या, "अगो, हा तर स्टँडवरचा टांगा." काकांनी चष्मा पुसला. "टांगा राहू दे. पण हा नबी की कोळी? स्वर्गात गमबूट घालून कोण जातं?" कुणीतरी हसलं, मग सगळेच. काका म्हणाले, "उचल. बूट खोडून आण, मग बघू." मी मान खाली घालून चौकटीला हात घातला. कान नुसते तापले होते. बेनीकडे बघायचीही सोय नव्हती, तोही मेला हसत होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "थांब गो." दीनामावशी, काकांच्या सासूबाई, खंडाळ्याच्या. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या. मुलगी-जावई आपल्या व्यापात, नातवंडं इंग्रजीत, त्यामुळे मावशी हळूहळू बोलायच्याच बंद झाल्या होत्या. त्या उठल्या. "जावईबापू, त्या खडकावरच्या खुणांत मी लहानपणी हात घालून बघितलाय. टांग्याचंच चाक. खंडाळ्याला दुसरं मिळणार काय?"

काका म्हणाले, "आई, पण बूट..."

मावशींनी लक्षच दिलं नाही. त्या चित्रापाशी गेल्या, बोटं चौकटीला लावून ओठांना लावली, आणि दारी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशा म्हणाल्या, "आलास का बाबा? एवढ्या लांब? बाहेर बर्फ आहे रे. बूट घातलेस ते बरं केलंस."

काका बेसमेंटमध्ये गेले, हातोडा आणला आणि मुकाट्यानं खिळा ठोकला. मलिदा वाटताना मावशी माझ्या शेजारी बसून खंडाळ्याबद्दल बोलत होत्या, थांबतच नव्हत्या. त्यांची मुलगी दारात उभी राहून ऐकत होती.

निघताना कोट चढवत मी बेनीला म्हणाले, "चल, घरी जाऊ." तोवर घर म्हणजे रेवदंडा, आणि नवव्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या म्हणजे नुसतं अपार्टमेंट. बेनीच्या काही लक्षात आलं नाही, तो गाडीची काच खरवडत होता. माझ्याही गाडीत बसल्यावरच लक्षात आलं. मग मी घर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले, आणि बेनीला सांगितलं, गाडीच्या धुरानं डोळे चुरचुरतायत.