बाहीवरचं घड्याळ

"आधी हा आकडा बघ! दीडशेच्या वर! उद्यापासून नाचणं बंद."

"मग मला आत्ताच पुरून टाक. खड्डा मीच खणून देते."

मायलेकींचं हे भांडण मी बांबूच्या कुंपणाआडून ऐकलं. मुद्दाम नाही हो, धुणं वाळत घालत होते. एकच लुंगीसारखा सारोंग जरा जास्त वेळ झटकला, इतकंच.

सुरतिनी माझी शेजारीण. जावा बेटावरच्या सालातिगातल्या आमच्या गल्लीत म्हाताऱ्यांचा सकाळचा व्यायाम तीच घ्यायची. कर्ण्यावर डांगडुटचं, ढोलकीच्या ठेक्याचं गाणं लावायची आणि आम्हाला, अगदी पाक हार्जोंनाही, म्हणजे हार्जोकाकांनाही, हात फेकायला लावायची. नवरा गेल्यावर दाराबाहेर न पडणारी ही बाई त्या गाण्यानं उठली होती. ते बंद झालं तर ती परत आत जाऊन बसेल, हे मला दिसत होतं.

लेक वेनिंग सुराबायाला असायची. नाडी मोजणारं घड्याळ तिनंच आईला दिलेलं. आकडे तिच्या फोनवर जायचे, ते बघूनच ती आली होती.

रविवारी वेनिंग आमच्या रांगेमागे फोन धरून उभी राहिली. गाणं तापलं, तसा आकडा चढला. ती धावतच पुढे गेली, आईचं मनगट धरलं आणि थबकली. सुरतिनी आतली बाही पार बोटांपर्यंत ओढायची आणि घड्याळ त्या बाहीवरून बांधायची.

"आई! कापडावर?"

"मग? समोर पाक हार्जो उभे असताना मनगट उघडं टाकू?"

"अगं, ते कातडीवर उजेड टाकून रक्त बघतं. इथे ते तुझे हातवारे मोजत बसलंय!"

"म्हणजे ही गाण्याची नाडी," मी म्हटलं.

सुरतिनीनं लगेच न्याहारीचा लोंतोंग उचलला, केळीच्या पानातला भाताचा तो रोळ. त्याला घड्याळ बांधून गाण्यावर हलवला. फोनवर आकडा आला!

"घ्या, भाताचं काळीजही झकास चाललंय!"

वेनिंगसुद्धा हसली. पण पोरगी पक्की. आईला पुन्हा नाचवलं आणि मानेवर बोटं ठेवून नाडी मोजली. दीडशेच्या आसपासही नव्हती. मग घड्याळ बाहीखाली, मनगटाच्या हाडाच्या वर, घट्ट बांधलं. आता आकडा बोटांशी बराच जुळला. हात जोरात फेकले की मात्र अजूनही थोडा भरकटे.

"आकडा चढून घड्याळ ओरडलं की थांबायचं, बोटांनी मोजायचं. आणि छातीत दुखलं तर आकडा काहीही असो, खाली बसायचं."

"आणि नाच?"

"नाच बाई, नाच."

पुढे कित्येक वर्षं घड्याळ ओरडलं की सुरतिनी मानेला बोटं लावून उभी राहायची आणि आम्ही हात वर करून तिष्ठत राहायचो. "लवकर मोज गं, खांदे गळाले!" पाक हार्जो ओरडायचे.

गेली ती झोपेतच, वय झालं होतं. आदल्या सकाळी व्यायाम घेतला, कर्णा पुसून जुन्या सारोंगात गुंडाळला आणि रोजच्यासारखा गल्लीच्या मुखियाच्या ओसरीवर नेऊन ठेवला.

"उद्या पाय जरा वर उचल हं," मला म्हणाली, आणि घड्याळावरून बाही खाली ओढत घराकडे वळली.