पाहुण्यांना वाढलेली भाकरी

मुरुडला घरामागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. त्यांचं जेवण मी करते. येणाऱ्यांना हमखास 'इथलं काहीतरी' हवं असतं. मग नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, सोलकढी. आधी ताटाचे फोटो निघतात, मग जेवण.

गेल्या उन्हाळ्यात माझे गुडघे फारच दुखायला लागले, म्हणून एसटीने दापोलीला डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी वजन केलं. काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काकू, रोज काय काय खाता?"

मी सांगत गेले. भाकरी, पिठी, अळूचं फदफदं, ताक. लिहिता लिहिता त्या थांबल्या.

"हे तर सगळं चांगलंच आहे. मग वजन कशाने वाढतंय? थायरॉईड तपासू."

तपासलं. चार दिवसांनी रिपोर्ट दाखवायला पुन्हा गेले, तर तसं काहीच निघालं नाही. त्या गोंधळल्या, मीही.

परतीच्या बसमध्ये रोजचा दिवस सकाळपासून आठवत बसले, तेव्हा लक्षात आलं. मी सांगितलं ते रांधते ते होतं, खाते ते नव्हे. पाहुणे जेवून उठेपर्यंत माझी भूक मरून जाते. मग चहात बुडवून खारी, टोस्ट, येताजाता फरसाण. रात्री आमचे हे बाजारातून पाव घेऊन येतात. खोटं बोलायचं मनातही नव्हतं. विचारल्यावर तोंडात तेच आलं. असं कधीपासून चाललंय, काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी घरातही भाकरी केली. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं.

"मला नाचणी नको. भात पुरायचा नाही म्हणून आम्ही खायचो ती. आता बरे दिवस आलेत, तर पुन्हा तीच वाढतेस?"

"पाहुणे आवडीने खातात, आई."

"ते दोन दिवस खातात. चपाती कर."

त्यांच्यासाठी चपाती केली. मी मात्र दुपारी पाहुण्यांसोबतच बसायला लागले. एकदा पुण्याची एक बाई कौतुकाने म्हणाली, "तुम्ही रोज हेच जेवता ना? किती छान! म्हणूनच..." आणि तिची नजर माझ्या जाडजूड दंडांवर गेली.

"भात जास्त होतो माझा," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. भातही आमच्याच शेतातला. उगीच त्याच्यावर आळ.

पावसाळा सरेपर्यंत वजन थोडं उतरलं. भाकरीने, की टोस्ट सुटले म्हणून, की पाहुणे नसल्यामुळे वाडीतलं गवत मीच काढत होते म्हणून, सांगता येणार नाही. गुडघे मात्र होते तसेच दुखतात.

परवा जेवताना सासूबाई म्हणाल्या, "खरं सांग, तुला आवडते ही भाकरी, की डॉक्टरणीच्या धाकाने खातेस?"

मी घास गिळला. पाणी प्यायले. आणि खरं तेच सांगितलं, "माहीत नाही, आई."