मागच्या सीटकडे वळलेला आरसा

"साहब, आज फिर घूमा हुआ मिला," जगदीश म्हणाला आणि चार नंबरच्या गाडीची चावी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे जवळजवळ टाकलीच.

"काय घूमा हुआ मिला?"

"आईना. अंदर वाला. पीछे की सीट को देख रहा था. सक्सेना अंकल वाली सीट को."

मी शाहपुऱ्यातल्या एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये ट्रान्सपोर्ट इनचार्ज आहे. त्याआधी गोविंदपुऱ्यात एका कारखान्याच्या वाहन विभागात एकतीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर घरी बसलो, तर दोन महिन्यांत मी कंटाळलो आणि माझ्याआधी बायको कंटाळली. म्हणून ही नोकरी. सेंटरकडे चार मिनीव्हॅन आहेत. बहुतेक पेशंट लकव्याचे, म्हातारे. त्यांना सकाळी घरून आणायचं, दुपारी पोचवायचं. काम सोपं आहे असं मी सगळ्यांना सांगायचो.

जगदीश माझा सगळ्यात चांगला ड्रायव्हर. दहा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. दुसरा कोणी असता तर मी हसून हाकलून दिला असता.

"नीट सांग. आरसा शेवटचा सेट कधी केलास?"

"सुबह, गाड़ी निकालते टाइम. फिर हबीबगंज में एक पेशंट को लेने ऊपर गया. दो मिनट में लौटा तो घूमा हुआ."

"तेव्हा गाडीत कोण होतं?"

"कोई नहीं साहब. बस मरीज़ थे."

हे उत्तर मलाही तेव्हा पुरेसं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

सक्सेना अंकल आमचे जुने पेशंट. शेवटच्या सीटवर, डाव्या खिडकीशी बसायचे. डिसेंबरात एका गुरुवारी सेंटरमधून घरी गेले, दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. त्यानंतर काही दिवसांनी आरसा वळायला लागला. रोज नाही. फक्त सोमवारी आणि गुरुवारी. गुरुवार कळल्यावर ड्रायव्हर लोकांना दुसरा पुरावा लागला नाही. एकानं चार नंबरची गाडी घ्यायला सरळ नकार दिला. जगदीश घ्यायचा, पण निघताना अगरबत्ती लावायचा आणि मला ते माहीत होतं. अगरबत्ती लावूनच गाडी काढतात सगळे. मी कारखान्यात हे आयुष्यभर पाहिलं, त्यामुळे ते मला दिसायचंच बंद झालं होतं.

ती सीट आठवडाभर रिकामी होती. मग जोसेफ अंकल नावाचे नवे पेशंट आले, कुठल्यातरी शाळेचे निवृत्त गणित शिक्षक. त्यांना कोणी काही सांगितलं नाही आणि ती सीट दिली. ते बसले की पाच मिनिटांत झोपायचे. सेंटरला पोचल्यावर हाका मारमारून उठवावं लागायचं.

"वहाँ जो बैठता है, सो जाता है," जगदीश आवाज खाली घेऊन म्हणाला. भर दुपारी ऑफिसात ऊन आलेलं होतं, तरी मी दिवा लावला.

आरशाबद्दल थोडं सांगायला हवं. गाडीत तीन आरसे असतात. आधी सीट पुढेमागे करून नीट बसायचं, मग आरसे लावायचे. उलटं केलं तर सगळं चुकतं. बाहेरच्या दोन आरशांत आपल्या गाडीची कड जेमतेम दिसावी, बाकी सगळा रस्ता. आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसावी. या विषयावर मी ड्रायव्हर लोकांचा तासभर क्लास घेतला होता. त्यात मोठ्या थाटात सांगितलं होतं, "आतला आरसा मागच्या काचेसाठी आहे, मागे बसलेल्यांची तोंडं बघण्यासाठी नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

सेंटरच्या डॉक्टर मॅडम मूळच्या इंदूरच्या. स्वभावानं चांगल्या, पण घाईत. त्यांनी मला बोलावलं.

"वानखेडे, हे भुताचं काय चाललंय?"

"आरशाचा सांधा ढिला असेल, मॅडम."

"असेल नको. दोन पेशंटच्या घरून फोन आलेत. हे लवकर संपवा."

बुधवारी गाड्या परतल्यावर मी चार नंबरमध्ये एकटा बसलो. आतला आरसा एका छोट्या दांडीवर बसवलेला असतो, दांडीच्या टोकाला गोळी असते आणि ती गोळी खोबणीत फिरते. ती ढिली होती. म्हणजे गचक्यानं आरसा हलू शकतो. माझा जीव भांड्यात पडला. पण आरसा गचक्यानं खाली झुकतो, असा नेमका तिरपा एकाच सीटवर रोखला जात नाही. शिवाय काचेच्या खालच्या कडेला बोटाचा तेलकट ठसा होता. जगदीश आरसा नेहमी फडक्यानं पकडतो.

मी आरसा त्या कोनात वळवून पाहिला. समोर शेवटची सीट आली. तिच्या फोमवर एक खळगा होता, माणूस नुकताच उठून गेल्यावर राहतो तसा. जोसेफ अंकल तासापूर्वी उतरले होते, खळगा त्यांचाच. हे मला कळत होतं. तरी मी त्या आरशात फार वेळ बघू शकलो नाही. स्क्रू काढला, वॉशर घातलं आणि गोळी अशी आवळली की दोन्ही हातांनीसुद्धा आरसा हलेना. झालं, म्हटलं, आता बघू कोण वळवतं.

गुरुवारी सकाळी खात्री करायला मी स्वतः त्या फेरीला गेलो. माझं घर रस्त्यातच आहे. धुकं होतं, तलावाकडून बोचरा वारा येत होता. गाडी आली. काचा घट्ट बंद. पुढे ड्रायव्हरशेजारी पवार काकू, शेवटी जोसेफ अंकल, मान मागे टाकून झोपलेले. मी मधल्या सीटवर बसलो. डॅशबोर्डवर अगरबत्ती जळत होती.

"अरे, गाडीत जळती नको," मी म्हणालो.

"बस, खत्म हो रही है साहब. आज गुरुवार है ना."

मी सीटबेल्ट लावला.

पवार काकू ग्वाल्हेरच्या, शाळेत मुख्याध्यापिका होत्या. लकव्यानं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. वाचा जाते तेव्हा काही जणांचा एखादा शब्द मागे राहतो. मनात काहीही असो, तोंडातून तोच निघतो. काकूंचा शब्द होता "बरं". काकू, दुखतंय का? बरं. काकू, निघायचं? बरं, बरं. सगळ्यांना ते सोयीचं होतं. पाय दुमडत नाही म्हणून त्यांना पुढची सीट दिलेली.

मी बसताच काकू मान वळवून माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बरं. बरं. बरं."

"नमस्कार काकू," मी म्हणालो.

पुढच्या स्टॉपवर व्हीलचेअरचा पेशंट होता. जगदीश उतरून बिल्डिंगमध्ये गेला. मी पण उतरलो आणि गाडीच्या पुढे, फुटपाथवर उभा राहिलो. तिथून काचेतून आरसा सरळ दिसत होता. आरसा कोण वळवतं ते बघायलाच तर आलो होतो.

काकूंचा डावा हात वर गेला.

हात हळू हळू वर सरकला, आरशाच्या खालच्या कडेवर बोटं टेकली. आरसा हलेना. मीच आवळला होता. त्यांनी पुन्हा जोर लावला. मग मला पाहिलं. काचेपलीकडून आमची नजरानजर झाली आणि त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत असतील ते मला ऐकायची गरज नव्हती. मी तिथेच उभा. मग काकूंनी सगळं अंग त्या एका हातावर टाकलं आणि कट् आवाज आला. हा आरसा जोराचा दाब आला तर सुटून यावा अशीच त्याची रचना असते, डोकं आपटलं तर इजा होऊ नये म्हणून. तो सुटून त्यांच्या हातात आला. त्यांनी तो उचलून मागे, शेवटच्या सीटकडे रोखला.

मी काचेतून तिकडे पाहिलं. जोसेफ अंकल होते. तोंड उघडं, रंग उडालेला, आणि अंग सीटवरून अर्धं खाली घसरलेलं.

बंद जागेत पेट्रोलच्या वाफेनं असा पडलेला माणूस मी कारखान्यात पाहिला होता. मी दार उघडलं. आधी अगरबत्तीचं टोक बोटांनी चिमटून विझवलं. तो डाग अंगठ्यावर आहे अजून. मग सरकता दरवाजा, मागचा दरवाजा, सगळं उघडलं. जगदीश धावत आला.

"साहब, गाड़ी स्टार्ट करूँ? हॉस्पिटल—"

"चावीला हात लावू नकोस! सेल्फ मारू नकोस, लाइट लावू नकोस, काही नको. मागून धर यांना."

आम्ही दोघांनी अंकलना उचलून फुटपाथवर निजवलं, मग काकूंना उतरवलं. उघड्या हवेत काही मिनिटांनी अंकलना ओकारी झाली आणि त्यांनी डोळे उघडले. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच खाली बसलो. दुसऱ्या गाडीनं त्यांना दवाखान्यात नेलं. वाचले.

तेव्हा जगदीश शेवटच्या सीटपाशी वाकला आणि मागे सरला. "साहब, यहाँ तो बास आ रही है."

गॅसगळतीच्या त्या रात्रीनंतर या शहरात माझ्या वयाची माणसं 'वास येतोय' हे वाक्य सहज बोलत नाहीत, आणि ऐकूनही घेत नाहीत. मला मात्र कसलाच वास आला नव्हता. एकतीस वर्षं पेट्रोलमध्ये काढून माझं नाक कधीच मेलं आहे. जगदीशच्या नाकाला अगरबत्तीशिवाय काही पोचत नव्हतं. आणि ज्यांच्या नाकाला पोचत होतं त्यांच्याकडे एकच शब्द होता.

गाडी ढकलत कडेला घेतली. दुपारी मी शेवटच्या सीटच्या बाजूचं पॅनेल उघडलं. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक रबरी पाइप जातो, तो वरच्या बाजूला क्लिपपाशी चिरला होता. टाकी अर्धी असली की त्या चिरेपर्यंत पेट्रोल पोचतच नाही. काठोकाठ भरली तरच झिरपतं. पॅनेलमागचं नमद्याचं जाड, कापडी अस्तर ओलं होतं. थंडीमुळे काचा बंद, म्हणजे त्याची वाफ आतच.

"टाकी कधी भरतोस?" मी जगदीशला विचारलं.

"सोमवार और गुरुवार. सुबह, खाली गाड़ी में, इंजन बंद करके. जैसा आपने सिखाया."

"आणि किती?"

तो जरा घुटमळला. "गले तक साहब. नोज़ल कट मारता है, उसके बाद भी थोड़ा-थोड़ा. तीन दिन चल जाए."

पंपाचं नोझल स्वतःहून बंद पडतं, त्याला ऑटो कट म्हणतात. तिथे थांबायचं असतं. वर उरलेली जागा रिकामी नसते, ती पेट्रोलच्या वाफेसाठी ठेवलेली असते. जगदीशला हे मी सांगितलं नव्हतं. आरशावर तासभर बोललो होतो, टाकीवर पाच मिनिटं. तीन दिवस पुरवायचा हुकूमही माझाच होता, कारण पेशंट असताना पंपावर जायचं नाही हा नियम मला फार आवडायचा. म्हणजे भूत टाकीत मीच भरत होतो, आणि ते पळवायला त्याच वाफेत रोज निखारा लावला जात होता. ठिणगी पडली नाही हे आमचं नशीब, अक्कल नव्हे.

मॅडमना सगळं सांगितलं.

"सक्सेनांचं पण—?"

"ते मला माहीत नाही, मॅडम. डॉक्टर तुम्ही आहात."

"हार्ट होतं त्यांचं. आधीपासून."

"हो," मी म्हणालो. यापुढे तो विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

चारही गाड्यांचे पाइप बदलले. ऑटो कटनंतर एक थेंब नाही. अगरबत्ती गेटवर, गाडीत नाही. एक काच बोटभर उघडी, थंडी असो नाहीतर काही. हे सगळं पाटीवर लिहून लावलं.

मग मी काकूंकडे गेलो. त्या व्यायामाच्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. मी खुर्ची ओढून घेतली, हात जोडले आणि मराठीत सरळ माफी मागितली. त्यांनी माझ्या भाजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"काकू, दर वेळी आरसा तुम्हीच वळवायचात ना?"

त्यांनी मान हलवली. हो.

"पहिल्यांदाही तुम्हीच?"

काकूंनी मान आडवी हलवली. नाही. मग मनगट सोडून त्यांनी बोट उचललं. खिडकीतून चार नंबरची गाडी दिसत होती. बोट तिच्या शेवटच्या खिडकीवर थांबलं, डाव्या.

"बरं," त्या म्हणाल्या.

मी ऑफिसात येऊन हजेरीचं रजिस्टर उघडलं. आरसा पहिल्यांदा वळला त्या सोमवारी काकू गैरहजर होत्या, भाच्याच्या लग्नाला ग्वाल्हेरला. त्या दिवशी शेवटची सीट रिकामी होती. गोळी ढिली होती, गचक्यानं आरसा आपोआप झुकला असेल, असं मी रिपोर्टमध्ये लिहिलं. मॅडमनी सही केली.

आता नवीन ड्रायव्हर आला की मी आरशाचा क्लास घेतो. सीट, बाहेरचे आरसे, आतला आरसा, सगळं तेच. फक्त एक वाक्य काढून टाकलं आहे आणि एक घातलं आहे. आरसा जागेवरून हललेला दिसला तर लगेच सरळ करू नका. आधी तो काय दाखवतोय ते बघा.