सिद्धम्माअक्कांचा संशय

सिद्धम्माअक्का एकच प्रश्न दोनदा विचारायच्या. माणूस दुकानात आला की एकदा, आणि त्याचा चहा पिऊन झाला की पुन्हा एकदा, जणू पहिल्यांदाच विचारतायत अशा चेहऱ्यानं. "खरं बोलणाऱ्याला काय, दोनदा सांगायला लागतंय एवढंच," असं त्या म्हणायच्या. मलाही त्यांनी असंच तपासलं होतं. मी तेव्हा कामगारांसाठी पत्रकं लिहीत आणि वाटत फिरायचो, आणि संपाच्या निधीची पेटी घेऊन त्यांच्या सुताच्या दुकानात शिरलो होतो. कुणाचा मुलगा, कुठं राहतो, हे त्यांनी चहाच्या आधी विचारलं आणि नंतरही विचारलं. शेवटी एक रुपया टाकला आणि पावती मागितली. रुपयाची पावती. मला संताप आला, पण फाडून दिली.

अक्का जाऊन आता वर्ष झालं. त्यांच्याबद्दल गोड गोड लिहिणारे लिहोत. मला ते जमणार नाही, कारण बाई गोड नव्हती. दूधवाल्यावर संशय, पोस्टमनवर संशय, देवळातल्या वर्गणीवर तर ठाम संशय. शेजारणीनं आजारपणात खीर पाठवली तर "आज काय काम काढलंय हिनं?" म्हणाल्या. त्या शेजारणीचं काही काम नव्हतं. ती पुन्हा कधी आली नाही.

तरी आमच्या विणकर सोसायटीनं त्यांना खजिनदार केलं होतं. सोसायटीत बहुतेक घरं तेलुगू विणकरांची, अक्का लिंगायत आणि घरात कानडी बोलणाऱ्या. पण गोदामाची किल्ली यांच्याकडेच असावी यावर सगळ्यांचं एकमत होतं. मी सोसायटीची पत्रं लिहून द्यायचो.

आमच्याकडं एक रीत होती. गिऱ्हाईकाचा चेक बँकेत भरला की बँक स्लिपचा अर्धा भाग शिक्का मारून परत देते. तो तुकडा विणकरांच्या मूळपुरुषाच्या, मार्कंडेयाच्या तसबिरीपुढं ठेवायचा, त्याला हळदकुंकू लावायचं आणि माल सोडायचा. वर्षानुवर्षं जुनी, ओळखीची गिऱ्हाइकं होती. त्यांचे चेक वटायचेच. त्यामुळं शिक्का पडला म्हणजे पैसे आले, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर एक परका शेठ आला. टेरिकॉटचा सफारी, अत्तर, बोलणं लोण्यासारखं. मोठ्या वसतिगृहासाठी चादरी हव्यात म्हणाला आणि गोदामातल्या सगळ्याच्या सगळ्या उचलतो म्हणाला. त्या मालावर घरोघरची दिवाळीची मजुरी अडकलेली. आमचे चेअरमन मल्लेशमअण्णा हरखून गेले. शेठनं चेक दिला तो बिलापेक्षा जास्त रकमेचा. मुनीमजींच्या हातून चुकून जादा लिहिलं गेलं, तुम्ही वरचे पैसे रोख द्या, लॉरीचं भाडं भागवतो, असं त्याचं म्हणणं.

चेक भरला. शिक्क्याचा तुकडा आला, हळदकुंकू लागलं, लॉरी दाराशी उभी राहिली. अण्णा रोकड मागायला अक्कांकडं आले. अक्कांनी शेठला चहा पाजला. वसतिगृह कुठलं म्हणून त्यांनी आधीच विचारलं होतं, तेव्हा तो इंदूर म्हणाला होता. चहानंतर पुन्हा विचारलं तर उज्जैन म्हणाला. अक्कांनी किल्ली कनवटीला लावली आणि मला म्हणाल्या, "चल तम्मा, बँकेत." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ; मला त्या तशीच हाक मारायच्या.

खिडकीतल्या कारकुनाला त्यांनी सरळ विचारलं, हा शिक्का म्हणजे पैसा जमा झाला का? तो म्हणाला, चेक बाहेरगावचा आहे, वसुलीला पाठवलाय. हा शिक्का फक्त कागद मिळाल्याचा. वटला की नाही ते नंतर कळेल. मी भडकलो. बँका सरकारी झाल्या, आता त्या गरिबांच्या, अशी भाषणं आम्ही ऐकत होतो. भिंतीवर बचतीची चित्रं होती, हसरी बाई होती, हसरं मूल होतं. पण शिक्का म्हणजे पैसे नव्हेत, ही एक ओळ कुणाला लिहावीशी वाटली नव्हती. मी कारकुनाला हे ऐकवलं. त्यानं खिडकी लावून घेतली.

परत आलो तर गोदामाच्या दारात गर्दी. शेठ घड्याळ दाखवत होता, दुसऱ्या सोसायटीत जातो म्हणत होता. अण्णांनी सगळ्यांदेखत अक्कांना टोमणा मारला.

"अक्का, तुमचा देवावर तरी इस्वास हाय का न्हाय?"

"देव लॉरी घेऊन येत न्हाय की, अण्णा."

लोक हसले, पण रागातच होते. दिवाळी दाराशी आणि ही बाई गिऱ्हाईक घालवणार, अशी कुजबुज चालली होती. एकानं कुलूप तोडायची भाषा केली. अक्का गोदामाच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "घाई कुणाला हाय ते बघा," एवढंच म्हणाल्या. "माल आपला, गोदाम आपलं. मग घाम ह्यालाच का फुटलाय?"

शेठ संध्याकाळी येतो सांगून गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी लॉजवाला शेठचं थकलेलं बिल मागायला आमच्याकडं आला, तेव्हा कुठं कुजबुज थांबली. पुढं बँकेतून चेक परत आला. त्या नावाचं खातंच नव्हतं.

कुणी अक्कांचे आभार मानले नाहीत. दिवाळी कोरडीच गेली, आणि त्याचा राग चोरावर काढायचा तर चोर हाताशी नव्हता. माल नंतर थोडा थोडा, कमी भावात विकला.

मी मात्र पेटलो होतो. रात्रीत पत्रकाचा मजकूर लिहिला. त्यात चोर होता, बँक होती, आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, भोळे की आंधळे असा सवाल करून चेअरमनचं नाव होतं. अक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अण्णाचं नाव काढ."

मी वाद घातला. त्या माणसानं तुमचा अपमान केला, सगळ्यांची मजुरी घालवायला निघाला होता, त्याला का वाचवायचं?

"ब्याड तम्मा, नको. फसलेल्याचं नाव छापलंस तर पुढचा फसलेला त्वांड उघडायचा न्हाय." मग सूत गुंडाळत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आमच्या मालकांना असाच एकानं चेक दिलता. दुकानातलं समदं सूत गेलं. त्यांनी कुणाला सांगितलं न्हाय. मलाबी न्हाय. अन्न सुटलं त्यांचं. मी पोटाचं दुखणं समजून डाक्टर करत बसले. ते गेल्यावर घेणेकरी दारात आले, तवा मला कळलं."

मी नाव खोडलं. पत्रकात चोराची तऱ्हा लिहिली: बिलापेक्षा मोठा चेक, वरचे पैसे रोख, आणि घाई. शिक्क्याचा अर्थ लिहिला, खाली अक्कांच्या दुकानाचा पत्ता दिला. ती पत्रकं आम्ही जिल्ह्यात टेंभुर्णीपासून दुधनीपर्यंत एसटी स्टँडांवर चिकटवली.

काही दिवसांनी दुधनीचा एक व्यापारी दुकानात आला. पत्रकाची घडी हातात. सूत बघायला आलो म्हणाला, पण सुताला हात लावेना. शेवटी म्हणाला, "सफारी घातलेला व्हता का ओ त्यो? घरी अजून सांगितलं न्हाय मी."

अक्कांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. बसायला पाट दिला आणि मला म्हणाल्या, "तम्मा, भाईर बस. कोण आलं तर दुकान बंद हाय म्हण."

मी पायरीवर बसलो. अक्कांनी आतून फळी लावली. मग त्या माणसाचा आवाज सुरू झाला, आणि तो कितीतरी वेळ थांबला नाही.